सुळे नसलेला व्हॅम्पायर

कमी पैशांत काढलेल्या भयपटाबद्दल दोन ठरीव पद्धतींनी बोललं जातं. एक पद्धत टवाळीची. पुठ्ठ्याची कबर हलते, वटवाघळाची दोरी दिसते, रक्ताच्या जागी सरबत ओतलेलं कळतं, आणि चार मित्र जमवून त्यावर खिदळायचं. दुसरी पद्धत कौतुकाची. खिशात दमडी नसताना बिचाऱ्यांनी एवढं केलं, हेच पुष्कळ, असं म्हणून पाठ थोपटायची. ही दोन टोकं वाटतात, पण दोन्हींतली चूक एकच आहे. दोन्ही पद्धती चित्रपट बाजूला ठेवून त्याच्या जमाखर्चाची वही बघत बसतात. पैसा कमी होता ही नुसती माहिती झाली. कुठली उणीव त्या टंचाईतून आली, कुठली दिग्दर्शकाच्या डोक्यातून आली आणि कुठला गुण पैसा नसल्यामुळेच साधला, हे वेगवेगळं काढून पाहिल्याशिवाय त्या माहितीचा काही उपयोग नाही. असा हिशेब मांडायला जॉर्ज रोमेरो या अमेरिकी दिग्दर्शकाचा 'मार्टिन' हा चित्रपट फार चांगला आहे. १९७६च्या उन्हाळ्यात पिट्सबर्गजवळच्या ब्रॅडक नावाच्या पोलादाच्या गावात तो चित्रित झाला आणि १९७८मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याचा खर्च सर्वसाधारणपणे ८० हजार ते एक लाख डॉलर असा सांगितला जातो. त्या काळच्या अमेरिकी चित्रपटांच्या मानाने ही रक्कम किरकोळच होती. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या १९६८च्या चित्रपटामुळे रोमेरोचं नाव जगभर झालं, तरी स्वतःच्या कामांत सगळ्यांत आवडता चित्रपट म्हणून तो 'मार्टिन'चंच नाव घेत असे. या चित्रपटाने जिथे आपली गरिबी उघड कबूल केली तिथे तो मोठा झाला, जिथे ती झाकायला गेला तिथे फसला, आणि त्याच्या सगळ्यांत गंभीर दोषाचा पैशाशी काडीचाही संबंध नाही, असं माझं म्हणणं आहे.

मुळात व्हॅम्पायर हे गरीब निर्मात्याला परवडणारं भूत आहे. तो दिसतो माणसासारखा. राक्षसी गोरिला किंवा परग्रहावरचा प्राणी दाखवायचा तर शिल्पकार हवेत, यंत्रं हवीत. व्हॅम्पायरसाठी एक फिकट चेहरा, काळा डगला आणि दोन खोटे सुळे पुरतात. शिवाय प्रेक्षकाला त्याचे नियम आधीच पाठ असतात. लसूण, क्रूस, आरसा, सूर्यप्रकाश, छातीत ठोकायची खुंटी हे काही नव्याने समजावून सांगावं लागत नाही, म्हणजे पटकथेतली तेवढी मिनिटंही वाचतात. यांतला सूर्यप्रकाशाचा नियम तर काटकसरीतच तयार झालेल्या एका चित्रपटाने जगाला दिला. ब्रॅम स्टोकरच्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाढवळ्या रस्त्याने फिरतो, उन्हाने मरत नाही. १९२२मध्ये मुर्नाव या जर्मन दिग्दर्शकाने 'नोस्फेराटू' काढला. हाताशी एकच कॅमेरा होता. स्टुडिओत वाडे आणि किल्ले उभारण्याऐवजी त्याने विस्मार आणि ल्युबेक या शहरांतल्या जुन्या इमारती आणि स्लोव्हाकियातला ओरावाचा किल्ला जसेच्या तसे वापरले. शेवटी त्यातल्या व्हॅम्पायरला, काउंट ऑर्लॉकला, मारायला कुठलीही झटापट उभी केली नाही. खिडकीतून कोवळं ऊन आलं आणि ऑर्लॉक विरून गेला, एवढंच. त्यानंतर शंभर वर्षं व्हॅम्पायर उन्हाला भिऊन आहेत. चित्रपट स्टोकरच्या कादंबरीवरच बेतला होता, पण निर्मात्या कंपनीने त्याच्या वारसांची परवानगी घेतली नव्हती, म्हणून खटला झाला, कंपनी बुडाली, न्यायालयाने प्रती नष्ट करायचा हुकूम दिला, तरी चित्रपट जगला. या इतिहासाकडे पाहिलं की कमी पैसा आणि व्हॅम्पायर ही जोडी नवी नाही हे कळतं. प्रश्न एवढाच असतो की टंचाईला दिग्दर्शक सामोरा कसा जातो.

वाईट तऱ्हेने सामोरं जाण्याचं उदाहरण म्हणून एड वुड या अमेरिकी दिग्दर्शकाच्या 'प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस'चं नाव नेहमी निघतं, आणि ते योग्यच आहे. १९३१च्या 'ड्रॅक्युला'मुळे अमर झालेला बेला लुगोसी १९५६च्या ऑगस्टमध्ये वारला. वुडकडे त्याची दुसऱ्याच कामासाठी घेतलेली काही मिनिटांची मूक दृश्यं होती. ती त्याने नव्या चित्रपटात जोडली, आणि उरलेल्या भागासाठी आपल्या बायकोचा ओळखीचा, मणक्यांवर उपचार करणारा एक गृहस्थ उभा केला. तो लुगोसीहून उंच होता, चेहरेपट्टी वेगळी होती, म्हणून त्याने चित्रपटभर डगल्याचं टोक नाकावर धरून चालायचं. लोक यावर पन्नास वर्षं हसत आलेत. मला त्यात हसण्यापेक्षा शिकण्यासारखं जास्त दिसतं. वुडला प्रेक्षकाने लुगोसीच पाहावा असं वाटत होतं, म्हणून त्याने उणिवेवर पदर ओढला, आणि पदर ओढल्यामुळेच सगळ्यांचं लक्ष नेमकं तिथे गेलं. तोंड झाकलेला माणूस कोण, हा प्रश्न कथेचा व्हायला हवा होता. तो निर्मितीचा प्रश्न झाला.

आता 'मार्टिन'. इंडियानापोलिसहून निघालेल्या रात्रीच्या रेल्वेगाडीत विशीतला एक लाजाळू मुलगा बसलेला आहे. शौचकुपात जाऊन तो एक इंजेक्शन भरतो, सुई दातांत धरतो आणि एका बाईच्या डब्याचं कुलूप उघडतो. दार उघडताना क्षणभर कृष्णधवल चित्र दिसतं: झिरझिरीत झग्यातली एक स्त्री हात पसरून त्याची वाट पाहते आहे. पुढच्याच क्षणी रंगीत चित्र परत येतं आणि डबा रिकामा असतो. बाई आतल्या संडासात आहे. ती बाहेर येते ती चेहऱ्यावर कसलासा लेप फासलेली, घरच्या वेषातली. त्याला पाहून ती किंचाळते, शिव्या देते, ओरबाडते, आणि तो तिला धरून विनवण्या करत राहतो की गप्प राहा, झोप येईल, दुखणार नाही. औषध चढायला वेळ लागतो आणि कॅमेरा तो सगळा वेळ तिथेच थांबतो. नंतर दाढीच्या पात्याने तो तिच्या मनगटाची शीर कापतो आणि रक्त पितो. सुळे नाहीत, मोहिनी नाही, वटवाघूळ नाही. त्याला साध्या जगातल्या वस्तू लागतात: सिरिंज, पातं, कुलूप उघडायचं हत्यार. मार्टिन स्वतःला चौऱ्याऐंशी वर्षांचा व्हॅम्पायर समजतो. त्याला आश्रय देणारा वृद्ध नातेवाईक कुडा हाही त्याला व्हॅम्पायरच समजतो, दारावर लसणाच्या माळा टांगतो, त्याला नोस्फेराटू म्हणून हाक मारतो आणि बजावतो की आधी तुझ्या आत्म्याची सोडवणूक करीन, मग तुला संपवीन. पण या गावात एकालाही हात लावलास तर सोडवणुकीशिवायच संपवीन. मार्टिन त्याच्यासमोर ती लसूण चावून खातो, क्रूस गालाला लावून दाखवतो आणि सांगतो की यात जादू वगैरे काही नसते.

चित्रपटाचा सगळा जीव या एका विधानात आहे, आणि ते विधान त्याच्या खिशाशी तंतोतंत जुळतं. जादू दाखवायला पैसे नव्हते म्हणून रोमेरोने जादू नाकारणारा व्हॅम्पायर लिहिला, असं मी म्हणत नाही. कल्पना आधी की अडचण आधी हे बाहेरून ठरवता येत नाही. पण परिणाम असा झाला की जे परवडत नव्हतं त्याची गरजच कथेत उरली नाही. मार्टिन खरोखर व्हॅम्पायर आहे, की जुन्या घराण्याच्या वेडात वाढलेला आजारी मुलगा आहे, याचा निकाल चित्रपट लावत नाही. मधूनमधून येणारी कृष्णधवल दृश्यं, हातात मशाली घेतलेले गावकरी, जुनी घरं, मेणबत्त्या, या त्याच्या कित्येक दशकांपूर्वीच्या आठवणी असतील किंवा रात्री पाहिलेल्या सिनेमांचे तुकडे असतील. ती दृश्यं थोडी नाटकी आणि थोडी उसनी वाटतात, आणि तशी वाटणंच बरोबर आहे, कारण उसनी असण्याची शक्यता कथेनेच मोकळी ठेवली आहे. इथे नेपथ्याचा कच्चेपणा अर्थाच्या कामी आला. एके रात्री कुडाला भिवविण्यासाठी मार्टिन चेहऱ्याला पांढरा रंग फासून, डगला घालून, प्लॅस्टिकचे सुळे लावून त्याच्यासमोर येतो, म्हातारा गर्भगळीत होतो, आणि मार्टिन सुळे काढून दाखवतो की हे सगळं सोंग आहे. जे सामान गरीब व्हॅम्पायरपट आपली गरिबी झाकायला वापरतात, तेच सामान इथे स्वस्त सोंग म्हणून उघड टेबलावर मांडलं आहे.

गावाचंही तसंच. ब्रॅडक हे पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीच्या साम्राज्याचं एक मूळ ठिकाण. त्याचा एडगर थॉमसन पोलाद कारखाना इथे १८७५मध्ये सुरू झाला, अमेरिकेतलं त्याचं पहिलं ग्रंथालय इथेच १८८९मध्ये उघडलं. १९२०च्या सुमारास इथे वीस हजारांहून अधिक लोक राहत. आज दोन हजारसुद्धा नाहीत. रोमेरो तिथे पोहोचला तेव्हा गाव अर्ध्याहून अधिक ओसरलं होतं. बंद दुकानं, भंगारात जाणाऱ्या मोटारी, ओसाड रस्त्यावर कुडाचं किराणा दुकान, हे त्याला फुकट मिळालं. फुकट मिळालेली जागा आणि नेमकी निवडलेली जागा यांत अंतर असतं, आणि रोमेरोने ते ओलांडलं आहे. ट्रान्सिल्व्हानियातला काउंट किल्ल्यात राहतो कारण जुनी सत्ता तिथे मरून पडलेली असते. ब्रॅडकमध्ये मेलेली सत्ता कारखान्याची आहे. तरुणांना काम नाही. कुडाच्या नातीचा प्रियकर आर्थर धंद्याच्या शोधात गाव सोडायच्या गोष्टी करतो आणि शेवटी नातही निघून जाते. मागे उरतात ती म्हातारी माणसं, त्यांच्या युरोपातून आणलेल्या समजुती आणि घरोघर किराणा पोहोचवणारा एक मुलगा. या गावात एका तरुणाला स्वतःबद्दल सांगण्यासारखी एकच मोठी गोष्ट वारशाने मिळते, ती म्हणजे तो शापित आहे. पैसे असते तर किल्ला उभारला असता आणि हे सारं हातचं गेलं असतं, असं मला वाटतं.

हाताशी असलेल्या माणसांतूनच सगळं उभं करायचं, हेही चित्रपटभर दिसतं. पाद्री झालाय खुद्द रोमेरो. आर्थरचं काम करणारा टॉम सव्हिनी हाच रक्ताच्या आणि जखमांच्या करामतींचा कारागीर. व्हिएतनाममध्ये लष्करी छायाचित्रकार असताना त्याने खऱ्या जखमा पाहिल्या होत्या आणि पुढे या कामात त्याचं मोठं नाव झालं. निर्माता रिचर्ड रुबिनस्टाइन एका बळी पडलेल्या बाईच्या नवऱ्याच्या भूमिकेत येतो. मार्टिन रात्री रेडिओवरच्या गप्पांच्या कार्यक्रमाला फोन करून आपलं मन मोकळं करतो, त्या निवेदकाचा आवाज छायाचित्रकार मायकेल गॉर्निकचा आहे. मार्टिनची भूमिका करणारा जॉन अ‍ॅम्पलस पिट्सबर्गच्या रंगभूमीवरचा होता. त्याला पाहिल्यावर रोमेरोने मुळातलं प्रौढ पात्र वयाने लहान केलं, आणि हा निर्णय चित्रपटाला फळला. अ‍ॅम्पलसचा चेहरा उघडा, थोडा गोंधळलेला आणि विलक्षण स्थिर आहे. कुडा झालेला लिंकन माझेल हा ख्यातनाम संगीतसंचालक लोरिन माझेलचा पिता. त्याची ढब जुन्या नाटकातली, आवाज चढा, हातवारे मोठे. इतरांच्या साध्या बोलण्याशेजारी ती खटकायला हवी होती, पण कुडा हा माणूसच आपल्या श्रद्धेचं नाटक रोज करत जगतो, म्हणून ती शोभते.

चित्रणाबद्दल एक तांत्रिक गोष्ट समजून घ्यावी लागते. 'मार्टिन' १६ मिलिमीटर फिल्मवर घेतला गेला. या फिल्मच्या एका चौकटीचं क्षेत्रफळ नेहमीच्या ३५ मिलिमीटरच्या साधारण चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकं असतं. चित्रपटगृहासाठी ती वाढवून ३५वर उतरवली की फिल्मचे कणही वाढतात. सावल्या गढूळ होतात, रंग थोडे मळतात. पण कॅमेरा हलका असतो, फिल्म स्वस्त पडते, दोन-चार माणसं अरुंद जिन्यात, खऱ्या घरात, खऱ्या रस्त्यावर काम करू शकतात. त्या काळी बातमीपट याच फिल्मवर घेतले जात, त्यामुळे प्रेक्षकाच्या डोळ्याला या कणीदार चित्रात बातमीची सवय होती. व्हॅम्पायरच्या गोष्टीला बातमीचं रूप आलं की ती पाहताना सुटकेची वाट राहत नाही. याचा सगळ्यांत चांगला उपयोग चित्रपटाच्या मध्यात होतो. नवरा परगावी गेल्याचं हेरून मार्टिन एका बाईच्या घरात शिरतो. गॅरेजचं दार उघडणारं यंत्र त्याने स्वतः जुळवलेलं असतं. आत गेल्यावर कळतं की बाई एकटी नाही, तिचा प्रियकर तिच्याजवळ आहे. पुढचा सगळा प्रसंग म्हणजे एका साध्या उपनगरी घरातली धावपळ आहे. त्याने सुई टोचली आहे, पण औषध लगेच चढत नाही. मोहिनी घालणाऱ्या काउंटला ही अडचण कधीच आली नसती. इथे तिघेही वाट बघताहेत, त्याला ती झोपायला हवी आहे, त्यांना तेवढ्या वेळात बाहेर पडायचं आहे, आणि रोमेरो लहान-लहान तुकडे इतक्या नेमकेपणाने जोडतो की खोल्यांचा नकाशा आपल्याला पाठ होतो. मधूनच तीच धावपळ कृष्णधवल रूपात, मशालींच्या उजेडात चालू असते. या प्रसंगाला महागाचं असं काहीच लागलेलं नाही. लागली ती संकलनाच्या टेबलावरची चिकाटी, आणि संकलनही रोमेरोनेच केलं आहे.

आता दोष. काही दोष सरळ पैशाचे आहेत आणि ते मी फार मनावर घेत नाही: बंद खोल्यांतले संवाद घुमतात, काही ठिकाणी प्रकाश सपाट आहे, लहान भूमिकांतली माणसं वाक्य पाठ करून म्हणताहेत हे कळतं. आर्थर आणि कुडाची नात यांची भांडणं लांबतात, आणि चित्रपट आधीच दाखवून बसला आहे ते ती शब्दांत पुन्हा सांगतात. हा पटकथेचा दोष, पैशाचा नाही. पण उत्तरार्धात एक जागा अशी येते जिथे चित्रपट आपली ऐपत विसरतो. रस्त्यावरच्या बेघर माणसांवर हल्ला केल्यावर पोलीस मार्टिनच्या मागे लागतात, तो पळत एका गोदामात शिरतो, तिथे अमली पदार्थांचा सौदा चाललेला असतो आणि पोलीस आणि ती टोळी यांच्यात गोळीबार होतो. मोठ्या चित्रपटात असा पाठलाग दहा गाड्या आणि आठवडाभराचं चित्रीकरण मागतो. इथे तो चार माणसांत उरकायचा होता, आणि उरकलेला दिसतो. कोण कुठे उभा आहे ते कळत नाही, धोका जाणवत नाही, आणि मुख्य म्हणजे या प्रसंगाची कथेला गरज नव्हती. इतका वेळ ज्याने रिकामा रस्ता रिकामा म्हणून दाखवला, त्याने इथे गजबज असल्याचा आव आणला. एड वुडचा पदर तो हाच.

मात्र ज्या दोषाने हा चित्रपट मला अस्वस्थ करतो तो वेगळा आहे. मार्टिन गुंगीचं औषध देऊन स्त्रियांवर बलात्कार करतो आणि त्यांचा जीव घेतो. चित्रपट त्याच्या बाजूला बसतो, त्याचा एकटेपणा, भित्रेपणा, रेडिओवरचे कबुलीजबाब आपल्याला ऐकवतो आणि आपल्या मनात त्याच्याविषयी कणव निर्माण करतो. पहिल्या प्रसंगात त्या रेल्वेतल्या बाईला राग आहे, ताकद आहे, स्वतःचा आवाज आहे, आणि म्हणूनच तो प्रसंग इतका खरा वाटतो. पण ती मेली की चित्रपट तिला विसरतो. तिला नाव नाही, मागे कोणी रडणारं नाही, वर्तमानपत्रात चार ओळी नाहीत. मिसेस सँटिनी ही एकच बाई आपल्याला पुरेशी भेटते, जिच्याशी मार्टिनचं त्याच्या आयुष्यातलं पहिलं बिनऔषधाचं नातं जुळतं. खिन्न, कंटाळलेली, मार्टिनशी प्रेमाने वागणारी ही बाई एलियन नादो हिने फार समंजसपणे उभी केली आहे. तीही शेवटी आत्महत्या करते, आणि तिच्या मरणाचं कथेतलं काम एवढंच की कुडाने ते मार्टिनच्या माथी मारावं आणि झोपेत त्याच्या छातीत खुंटी ठोकावी. यावर कोणी म्हणेल की चित्रपट मार्टिनच्या डोक्यातून पाहतो, आणि त्याच्या डोक्यात या बायकांना नाव नाहीच. ही उणीव त्याच्या आजाराचं चित्रण आहे. हे म्हणणं विचार करण्यासारखं आहे. पण चित्रपट सतत त्याच्या डोक्यात राहत नाही. कुडाच्या दुकानातलं गिऱ्हाइकांचं बोलणं, नातीचा संसाराचा त्रागा, पाद्र्याचं जेवणावरचं हसतखेळत बोलणं, हे सगळं मार्टिनला वगळूनही तो दाखवतो. तेवढ्या जागेत एका मृत बाईची बहीण येऊ शकली असती. एक वाक्य लिहायला एक डॉलरही लागत नाही. इथे टंचाई होती ती लक्ष देण्याची, आणि अंदाजपत्रकावर तिचा भार टाकता येणार नाही.

या सगळ्यावर एक मोठा आक्षेप येऊ शकतो, आणि तो आपल्याकडच्या प्रेक्षकाला विशेष जवळचा आहे. लोक व्हॅम्पायरपट पाहायला जातात ते सुळे पाहायला. सुळे काढून घेतले तर भयपटाचं कर्तव्यच चुकलं. रामसे बंधूंनी १९७२मध्ये 'दो गज जमीन के नीचे' महाबळेश्वरला मुक्काम ठोकून, थोड्या माणसांत आणि थोड्या पैशांत काढला, आणि पुढची वीस वर्षं धुकं, हवेली, करकरणारं दार आणि उंच भुताची सावली प्रेक्षकाला इमानाने पुरवली. १९९०च्या 'बंद दरवाजा'त तर नेवला नावाचा व्हॅम्पायरच त्यांनी आणला. त्यांच्या चित्रपटांना तालुक्याच्या गावांतल्या थिएटरांत गर्दी होत असे. 'मार्टिन' चालला तो थोड्या मंडळींत. कमी पैशातही मागणी पुरी करता येते, हे रामसेंनी सिद्ध केलं आणि त्याचं मोल मी कमी लेखत नाही. पण त्यांची काटकसर आणि रोमेरोची काटकसर वेगवेगळी कामं करतात. रामसेंना श्रीमंत भयपटाची स्वस्त आवृत्ती द्यायची होती आणि ती त्यांनी कौशल्याने दिली. रोमेरोला श्रीमंत भयपटाला न सुचणारा प्रश्न विचारायचा होता. मराठी वाचकाला याच काळातलं आणखी एक उदाहरण ओळखीचं असेल. नारायण धारपांची 'लुचाई' ज्या 'सेलम्स लॉट' या स्टीफन किंगच्या कादंबरीवर बेतली आहे, ती १९७५ची, म्हणजे 'मार्टिन'च्या चित्रीकरणाच्या फक्त एक वर्ष आधीची. किंगनेही व्हॅम्पायरला लहानशा अमेरिकी गावात आणलं, पण त्याने जुनी जादू खरी मानली आणि गावाला तिच्यासमोर उभं केलं. १९७९मध्ये त्यावर टोबी हूपरने दूरचित्रवाणी मालिका केली, चाळीस लाख डॉलर खर्चून. तिथे पैसा होता, म्हणून कादंबरीतला बोलका, सुसंस्कृत व्हॅम्पायर बार्लो गेला आणि 'नोस्फेराटू'च्या ऑर्लॉकची आठवण देणारा, निळसर चेहऱ्याचा, मुका राक्षस आला. तो भीतिदायक आहे यात वाद नाही. पण त्याला पाहून गावाविषयी काही नवं कळत नाही.

दुसरा आक्षेप याहून कठीण. टंचाईमुळे गुण आला असं मी म्हणतो, पण त्याच दशकात त्याच टंचाईत शेकडो व्हॅम्पायरपट निघाले आणि विसरले गेले. मग गुण टंचाईचा कसा? तो टंचाईचा नाहीच. टंचाई सगळ्यांना सारखीच होती. तिने दिग्दर्शकापुढे एक निवड ठेवली, आणि बहुतेकांनी वुडची वाट धरली, कारण ती सोपी आहे: महाग चित्रपटाचा आराखडा घ्यायचा आणि त्यातली प्रत्येक गोष्ट स्वस्त मिळवायची. रोमेरोने आराखडाच बदलला. जाहिरातपट करणाऱ्या छोट्या कंपनीत त्याने वर्षानुवर्षं कॅमेरा आणि संकलनाचं काम केलं होतं, तीस सेकंदांत काय दाखवता येतं आणि काय येत नाही हे त्याच्या बोटांत होतं. त्यामुळे परवडणारी गोष्ट कुठली हे तो लिहितानाच ओळखू शकला. गोळीबाराच्या प्रसंगात हे भान सुटलं, म्हणून ते भान उरलेल्या चित्रपटात किती होतं तेही दिसतं.

एक गोष्ट अजून पडताळून पाहायची राहिली आहे. पडद्यावर आलेला 'मार्टिन' ९५ मिनिटांचा आहे. रोमेरोने मुळात बराच लांब आणि संपूर्ण कृष्णधवल चित्रपट जुळवला होता, आणि अनेक वर्षं हरवलेली मानलेली ती प्रत २०२१मध्ये सापडल्याचं जाहीर झालं. तिची लांबी साडेतीन तासांच्या आसपास सांगितली गेली. संपूर्ण कृष्णधवल असेल तर आठवणी आणि वर्तमान यांच्यातला रंगाचा फरक तिथे नसणार, म्हणजे मार्टिनचं खरं आणि मनातलं वेगळं ओळखणं आणखी अवघड होणार. मला तरी रंगीत वर्तमानच जास्त योग्य वाटतं, कारण त्यात ब्रॅडकच्या विटांचा आणि गंजाचा रंग आहे. आर्थर आणि नातीची भांडणं तिथे आणखी लांब असतील, आणि तसं असेल तर पटकथेवरचा माझा आक्षेप वाढेल. त्या जास्तीच्या दोन तासांत रेल्वेतल्या बाईचं नाव, तिचं घर, तिला शोधणारं कोणी असेल, तर ती उणीव लिहिण्यातली नव्हती, कापण्यातली होती असं म्हणावं लागेल. कापणारा हात मात्र रोमेरोचाच होता, त्यामुळे उत्तर काहीही निघालं तरी ते द्यायचं आहे त्यालाच.